मागे बसलेला माणूस

पडले दोघंही, पण नाव झालं तिचं. स्कूटर तीच चालवत होती म्हटल्यावर दुसरं काय होणार! वळण तर अगदीच साधं. औषधांच्या दुकानावरून डावीकडे वळलं की उतार लागतो आणि उताराच्या टोकाला त्यांची इमारत. बायको रोज कामावरून याच वळणाने घरी यायची, आणि आजवर तिने तिथे पायसुद्धा टेकवला नव्हता. त्या संध्याकाळी कुठल्याशा बांधकामाची बारीक खडी वळणावर सांडली होती. तो मागे डबलसीट बसला होता, मांडीवर भाजीची पिशवी धरून. स्कूटर डावीकडे कलली आणि तो एकदम "अगं!" म्हणून ओरडला. तिचे खांदे दचकले, ॲक्सिलरेटरची मूठ सैल सुटली, ब्रेक दाबला गेला, मागचं चाक फर्रकन बाजूला गेलं, आणि पुढच्या क्षणी टोमॅटो उतारावरून घरी जायची घाई असल्यासारखे पळत सुटले होते.

सगळ्यात आधी तो उठला. पडायचं कसं हे त्याला कोणी शिकवायला नको, त्याच्या पोटापाण्याचाच तो भाग होता. हात सोडायचे, अंग गोळा करायचं, गडगडत जायचं. तेच त्याने केलं. बायकोचे खांदे सोडून तो व्यवस्थित, शास्त्रशुद्ध गडगडला आणि विजार झटकत उभा राहिला. साधं खरचटलंही नाही. तिने मात्र हँडल सोडलं नाही. गाडी पडू नये म्हणून ती शेवटपर्यंत गाडीला धरून राहिली आणि गाडीबरोबरच खाली गेली. रस्त्यावर बसल्या बसल्या तिने डावं मनगट उजव्या हाताने धरलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं, तरी ती कळवळायचं सोडून म्हणाली, "गाडी घसरणार हे तुला आधीच कळलं होतं ना रे? मला काही कळलंच नाही. तू ओरडलास तेव्हा कळलं." आणि त्याने मान हलवली. मान हलवायला काय लागतं? काही लागत नाही. माणूस बोलतो तेव्हा निदान जीभ अडखळते, आवाज चिरकतो. मान बिचारी मुकाट्याने हलते. त्याची हलली, आणि ते खोटं इतक्या सहज झालं की क्षणभर ते खोटं आहे हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते दवाखान्यात. हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला, मनगटातली बारीक चीर दाखवली, आणि मग याच्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुम्हीच ना ते? घसरगुंडी?" मोटरसायकल शर्यतींच्या दुनियेत त्याला सगळे घसरगुंडीच म्हणायचे. वळणात शिरताना मागचं चाक मुद्दाम घसरवत न्यायची त्याची तऱ्हा होती, त्यावरून एका समालोचकाने चेष्टेत ठेवलेलं हे नाव लोकांनी असं काही उचलून धरलं की बँकेतली माणसंही त्याला तसंच हाक मारायची. "काय हो बाई," डॉक्टर प्लॅस्टरच्या पट्ट्या भिजवत म्हणाला, "घरात एवढा वळणांचा बादशहा, आणि स्कूटर तुमच्या हातात?" नर्स हसली. बायकोही हसली, दुखत असूनही, वेंधळेपणा पकडला गेल्यावर माणूस हसतो तसं. मग त्यालाही हसावं लागलं. त्याने दात काढले. त्यातले पुढचे वरचे दोन दात तिनेच घडवलेले होते.

तो बराच जुना किस्सा होता. उमेदवारीच्या दिवसांत एकदा पुढचं चाक निसटून तो तोंडावर आपटला होता, आणि दातांच्या डॉक्टरने त्याला रंग जुळवायला म्हणून ज्या प्रयोगशाळेत पाठवलं तिथे खिडकीपाशी ही बसली होती. डाव्या हातात जबड्याचा प्लॅस्टरचा ठसा, उजव्या हातात बारीक चाकू, आणि मेणाचा दात ती अशी कोरत होती की बघणाऱ्याने श्वास रोखावा. तिने त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, ओठ वर करायला लावला आणि खूप वेळ नुसती बघत राहिली. एवढ्या लक्षपूर्वक त्याच्याकडे तोवर कोणी पाहिलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. "तुमचे दात अगदी पांढरे नाहीत," ती म्हणाली होती. "मी पण अगदी पांढरे नाही करणार. नाहीतर लगेच ओळखू येतील." आणि बसवल्यानंतर बजावलं होतं, "यांना गरम-गार काही कळणार नाही हं. चहा जपून प्या." ते आठवलं की एरवी त्याला बरं वाटायचं. आता दवाखान्याच्या त्या पिवळ्या भिंतीसमोर दात काढून उभं असताना त्याचे कान तापले. तिच्याच हाताने केलेले दात दाखवून आपण तिलाच हसतो आहोत, हे त्याला कळत होतं, आणि तरी ओठ मिटेनात.

खरं म्हणजे काय झालं होतं? हे त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारलं की प्रश्नाचीच किळस यायला लागली. डबलसीट बसणाऱ्याचं काम फार नसतं. चालवणारा कलला की त्याच्याबरोबर कलायचं, पोत्यासारखं, काही अक्कल न चालवता. शेंबड्या पोरालाही ते जमतं. मागे बसलेल्याने मध्येच ताठ व्हायचं ठरवलं तर चालवणाऱ्याने काय करावं? गाडी एकीकडे, वजन दुसरीकडे. खडी होती हे खरं, पण तिने ती पाहिलेली होती, हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं होतं. तिने वेग आधीच उतरवला होता. चाक थोडं सरकलं असतं आणि ती निघून गेली असती, नेहमीसारखी. पण स्कूटर डावीकडे कलायला लागली मात्र, त्याच्या अंगातून काहीतरी सर्रकन वर गेलं. पाठ ताठ झाली, बोटं तिच्या खांद्यात रुतली आणि तोंडातून "अगं!" बाहेर पडलं. चाक तेव्हा जागेवर होतं. चाकाने काही केलेलंच नव्हतं. जगभरच्या वळणांवर गुडघा जमिनीला घासत गेलेला माणूस भाजी आणताना बायकोच्या मागे बसून घाबरला होता, एवढीच हकीकत. पण ती सांगणार कशी? पहिल्या दिवशी सांगायची राहिली, दुसऱ्या दिवशी सांगायला वेळ टळून गेल्यासारखी झाली, आणि मग तर ती शिळीच झाली.

आणि घरात तोवर तिच्या नावाने मजा सुरू झाली होती. हाताला प्लॅस्टर म्हणून सासूबाई राहायला आल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ जेवायच्या निमित्ताने मेहुणा. मेहुणा विमा विकायचा, त्यामुळे बोलायला कधी कमी पडायचा नाही. "भावोजी, उलटंच झालं बघा. धोक्याचं काम तुमचं म्हणून मी तुमचा विमा उतरवला, आणि हाडं मोडते ही!" किंवा, "ताई, आता तीन चाकांची घे. मागे घंटी पण लावून देतो." सासूबाई दटावायच्या, "पुरे रे, बिचारीला आधीच दुखतंय," आणि मग जावयाच्या पानात वाढता वाढता स्वतःच म्हणायच्या, "पण जावईबापूंना काही लागलं नाही हे फार बरं झालं हो. ऐन मोसमात काही झालं असतं तर हिला जन्मभर खायला उठलं असतं." बायको उजव्या हाताने घास कालवत खालच्या मानेने म्हणायची, "हो ना. तोच विचार मनात आला माझ्या पहिल्यांदा." बोल, आत्ता बोल, असं तो स्वतःला म्हणायचा, आणि पाण्याचा पेला उचलायचा. गप्प राहायलाही काहीतरी हातात लागतं.

तिचं काम बंद होतं. ठसा धरायचा डावा हातच गळ्यात अडकवलेला. एकदा तिने प्लॅस्टरातून बाहेर आलेल्या बोटांत मेणाचा तुकडा धरून बघितला, तो दोनदा खाली पडला, मग तिने तो खिडकीत ठेवून दिला. "हात गेला तरी चालेल एक वेळ," ती त्या दिवशी म्हणाली, "पण मला भीती कशाची वाटते सांगू? मला वाटायचं, मला गाडी चांगली येते. म्हणजे तुझ्यासारखी नाही, पण आपली चांगली येते. इतकी वर्षं चालवतेय. आणि मला येतच नव्हती म्हणजे." हे ती रडून बोलली असती तर परवडलं असतं. ती हिशेब चुकलेल्या माणसासारखी शांतपणे बोलली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "होतं असं." होतं असं! आपल्याच तोंडाला चपराक मारावी असं त्याला वाटलं. पण मारली नाही. केसांवरून हात फिरवत राहिला.

मागच्या चाकाशी त्याचं नातं तसं लहानपणापासूनचं. शाळेसमोरच्या वाळूत सायकल जोरात आणून मागचा ब्रेक करकचून दाबायचा, की सायकल आडवी होत अर्धवर्तुळ काढायची. टायर झिजून दोरे बाहेर यायचे आणि बाप ओरडायचा. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, वाळूच्या जागी डांबर आलं, पण मूळ गंमत तीच राहिली. लोकांना वाटतं गाडी हँडलने वळते. वळणाच्या तोंडाशी पुढचा ब्रेक इतका दाबायचा की सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि हळूच बाहेरच्या बाजूला सरकतं. गाडीचं नाक आपोआप वळणाच्या आत येतं. अंग आतल्या बाजूला लोंबकळलेलं, गुडघा जमिनीवर, डोळे मात्र जिथून बाहेर पडायचं तिथे. मग मूठ पिळायची, चिमटीतून मीठ सोडावं इतकीच. चाक फिरतं, घसरतं, डांबरावर काळी कमान उमटते, हँडल उलट्या दिशेला आणि गाडी सुलट्या. टीव्हीवर कोणीतरी विचारलं होतं, घसरायची भीती नाही वाटत? तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "भीती पुढच्या चाकाची. ते न सांगता जातं. मागचं चाक घरच्या माणसासारखं असतं, रुसतं पण सांगून रुसतं." बायकोला ते वाक्य भारी आवडलं होतं. कित्येक दिवस ती स्वतःला मागचं चाक म्हणवून घ्यायची.

आणि तो नव्या मुलांना शिकवताना एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवायचा: घसरल्याने पडत नाही, घसरताना मूठ सोडली की पडतो. चाक घसरत असताना घाबरून मूठ सोडून दिली, की चाक एकदम जमीन पकडतं, कललेली गाडी ताडकन उभी राहते आणि वरच्या माणसाला बाहेरच्या बाजूला भिरकावून देते. त्याला शर्यतवाले हायसाइड म्हणतात. गेल्या मोसमात लांबलचक डाव्या वळणावर त्याला ते झालं. का झालं हे त्याला आजही सांगता येत नव्हतं. चाक नेहमीसारखं सरकलं, आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच, कुठलंही कारण नसताना, आलं, 'हे परत येणार नाही.' एवढंच. मूठ सुटली. मग आकाश, मग खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज, सुकी काडी मोडावी तसा. हाड जुळलं. डॉक्टरांनी पास केलं. तो परत ट्रॅकवर आला, सगळ्या वळणांवर पूर्वीसारखाच होता, फक्त त्या डाव्या वळणावर त्याचं अंग काही क्षण आधीच उठायला लागलं. चाक घसरण्याच्याही आधी. बाकीच्यांच्या काळ्या कमानी त्या वळणावर एकमेकींवर चढलेल्या दिसायच्या. त्याची एकही नव्हती.

यावरही त्याने उपाय शोधला होताच. उपाय म्हणजे काय, बोट दाखवायला कोणीतरी. टीमचे मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणायचे, गाडी आत येताच चाकापाशी उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "काय म्हणतेय?" आणि तो हेल्मेट काढत म्हणायचा, "डावीकडे मागचं चाक काही बोलतच नाहीये, काका." ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची डावी बाजू गार राहते, हे खरंच होतं. खऱ्याच्या आडोशाला किती माणसं उभी राहतात! काकांनी टायर बदलला. स्प्रिंग बदलली. हवा कमी केली, जास्त केली. टायरला गरम ठेवणारी पांघरुणं डावीकडे दुप्पट गुंडाळली. "नालायक चाक," असं ते त्या चाकाला तोंडावर म्हणायचे, "खातं ते खातं आणि ऐन वेळी दगा देतं!" गॅरेजमधले सगळे हसायचे. तो हसायचा नाही. पण 'नाही काका, चाक चांगलंय' असंही म्हणायचा नाही. ट्रॅकवर चाकाने शिव्या खाल्ल्या, घरी बायकोने. दोघांनीही मुकाट्याने.

प्लॅस्टर निघालं तेव्हा तिचं मनगट लहान मुलीचं असावं तसं बारीक दिसत होतं. स्कूटर जिन्याखाली उभी होती. ती बसने जायला लागली. आणि शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी, कसल्याशा सणाच्या सुट्टीच्या दुपारी, ती त्याच्यासमोर किल्ली घेऊन उभी राहिली. "मला वळायला शिकव."

"काय?"

"हसू नकोस. जगाला शिकवतोस, मला शिकवायला काय झालं? बसच्या रांगेत उभं राहून राहून कंटाळले मी. आणि माझा भाऊ सारखा चिडवतो ते वेगळंच."

"अगं, तुला येतंय की वळायला."

"येतंय म्हणूनच हात मोडला वाटतं!" ती म्हणाली. बोलायची ती जागा होती. ती किल्ली पुढे धरून उभी होती, सासूबाई देवळात गेलेल्या, घरात दुसरं कोणी नव्हतं, बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने किल्ली घेतली.

फर्निचरच्या गोदामामागे मोठं मोकळं आवार होतं, सुट्टीच्या दिवशी तिथे कोणी फिरकत नसे. कोपऱ्यात लाकडाचा भुसा आणि वाळू पसरलेली. त्याने दोन मोडक्या खुर्च्या खुणेला मांडल्या आणि तिला त्यांच्याभोवती फिरवू लागला. पहिल्या फेरीलाच ती सुरेख वळली. काही शिकवण्यासारखं नव्हतंच. पण शिकवायला तर आला होता. मग तो म्हणाला, खांदे सैल सोड. मग म्हणाला, खाली बघू नकोस, जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. मग कोपर, मग गुडघा, मग श्वास. ती "हो सर," "बरं सर," म्हणत मन लावून एकेक गोष्ट करत होती, आणि दर फेरीला तिचं वळणं बिघडत चाललं होतं. आपोआप होणाऱ्या गोष्टीत त्याने अक्कल घुसडली होती. दोनदा तिने पाय टेकवला. आजवर कधी टेकवला नव्हता. "बघ ना, किती वाईट येतंय मला," ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, आणि त्याला इतकी लाज वाटली की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

एक गोष्ट मात्र त्याने तिला खरी शिकवली. निदान एक तरी. "मागचं घसरलं ना," तो खालूनच म्हणाला, "तरी हात हलवायचा नाही. मूठ सोडायची नाही, ब्रेक दाबायचा नाही. आहे तशी धरून ठेवायची. ते येतं परत."

"येतं नक्की?"

"येतं."

तिने ते पुटपुटत पाठ केलं. मग म्हणाली, "आता मागे बस."

"आता कशाला? गुडघा दुखतोय माझा."

"बस म्हणते ना. एकटी असताना मी कधीच पडले नव्हते. पडले ती तू मागे असताना. तेच जमलं पाहिजे ना मला?" ती अगदी निष्पाप बोलली होती. मग त्याचा चेहरा बघून खुदकन हसली. "सर घाबरले वाटतं!"

तो बसला. हात कुठे ठेवावेत कळेना, मांडीवर ठेवले. पहिली खुर्ची उजवीकडे, ती ठीक गेली. तो पोत्यासारखा बसला होता, स्वतःला तेच सांगत होता, पोतं, पोतं, पोतं. मग दुसरी खुर्ची आली, डावीकडची, पलीकडे वाळू पसरलेली. स्कूटर कलली. त्याने दात आवळले. काही उपयोग झाला नाही. तेच सर्रकन पाठीतून वर गेलं, तो ताठ झाला, बोटं तिच्या खांद्यात रुतली आणि त्याच्या कानांनी त्याचाच आवाज ऐकला, "अगं!" मागचं चाक सरकलं. पण ती हलली नाही. मूठ जशीच्या तशी. चाक हातभर सरकलं, थबकल्यासारखं झालं आणि परत आलं. तिने वळण पुरं केलं, गाडी सरळ केली, हळूहळू थांबवली, आणि पाय टेकवून तशीच पुढे बघत बसली. वाळूत चाकाची रेघ दिसत होती. गोलसर आलेली, मध्ये थोडी फिसकटलेली, आणि पुन्हा गोल गेलेली.

तिची मान मागून दिसत होती, उन्हाने लाल झालेली. मग म्हणाली, "आधी तू ओरडलास."

त्याने तिच्या खांद्यावरची बोटं काढून घेतली.

"चाक मग घसरलं." ती मागे वळली नाही. डाव्या मनगटाकडे बघत होती. "त्या दिवशी पण?"

मान हलवली तर तिला दिसणार नव्हती. बोलावंच लागलं. "हो."

"आणि मला वाटलं, तुला आधी कळलं म्हणून ओरडलास." तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "मी सगळ्यांना तेच सांगितलं रे. अभिमानाने सांगितलं." आता ओरडेल, उतर म्हणेल, चालत घरी ये म्हणेल, असं त्याला वाटत होतं, वाटत काय, तो वाटच बघत होता. पण ती वेगळंच बोलली. "ट्रॅकवर तर तुझ्यामागे कोणी बसलेलं नसतं. तिथे कोण ओरडतं?"

"मीच," तो म्हणाला. "तिथेही मीच."

ती उतरली. त्याला पुढे सरकायची खूण केली आणि मागे बसली. "चल. तू चालव. पण मला सांगून झालं म्हणजे सुटलास असं समजू नकोस. मला सांगितलंसही नाहीस तू, ते मला कळलं. घरी सांग." त्याने गाडी चालवली. शहरातली ती सगळी वळणं त्याने इतकी सावकाश घेतली की मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. दरवेळी गाडी कलायच्या बेताला तिचं वजन त्याच्या पाठीशी अलगद कलायचं, त्याच्या जराही आधी नाही, जराही मागे नाही. औषधांच्या दुकानापाशी डावीकडे वळतानाही तसंच. तो खाली मान घालून गाडी लावायला गेला.

घरी मेहुणा बसलेलाच होता. सासूबाईंनी चहा ठेवला होता. "काय ताई," मेहुणा बसल्या जागेवरूनच म्हणाला, "झालीस का पास? की आवारातली भिंत पाडून आलीस?"

"ती पडली नव्हती," तो म्हणाला. बूटही काढायचे राहिले होते. "त्या दिवशी. मी पाडलं. मी मागे ताठ झालो, घाबरलो आणि ओरडलो. तिची काही चूक नव्हती."

मग मेहुणा टाळी वाजवून जो हसत सुटला तो थांबेचना. "वा भावोजी! बायकोने दम दिला वाटतं चांगला!" सासूबाईंचे तर डोळे भरून आले. "बघ रे, शीक जरा," त्या मुलाला म्हणाल्या. "याला म्हणतात सांभाळून घेणं. बायकोची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय माणूस." "नाही हो, खरंच..." तो म्हणाला, आणि जितकं खरंच म्हणत गेला तितका त्यांच्या नजरेत मोठा होत गेला. त्याला वाटलं, भिंतीत शिरावं. बायको चहा गाळत होती. तिने वर पाहिलं नाही, हसलीही नाही, त्याच्या मदतीलाही आली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा होता. जन्म इंजिनांच्या शेजारी गेल्यामुळे काका फोनवर असे बोलत की खोलीभर ऐकू जाई. "हां, ऐक. रविवारसाठी मागची स्प्रिंग आणखी मऊ करून बघू म्हणतोय. का टायरच दुसरा लावू?"

"काही करू नका, काका."

"म्हणजे?"

मेहुणा अजून हसतच होता. इकडे याने फोन दुसऱ्या कानाला लावला, मग परत पहिल्या. "गाडीला काही झालेलं नाही. चाक चांगलंय. त्या वळणावर मीच उठतो, चाक घसरायच्या आधी. मला भीती वाटते."

फोनमध्ये मागे कोणीतरी ठोकत होतं. काकांनी त्याला थांबायला सांगितलं. "कधीपासून?"

"पडल्यापासून."

"अरे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. त्यांना लगेच पटलं होतं. "अरे, आणि मी त्या चाकाला उगाच एवढ्या शिव्या घातल्या." मग म्हणाले, "मग रविवारी?"

"दुसऱ्याला बसवा."

"बसवतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

आता कोणी हसत नव्हतं. सासूबाई पदराशी चाळा करत खिडकीबाहेर बघत होत्या. मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच बहिणीच्या मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे ताई..." तो म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. विमा विकणारा माणूस, पण सुचेना. तिने डाव्या हाताने कप उचलला. मनगटात अजून जोर नव्हता, पण तिने कप उजव्या हातात घेतला नाही. तसाच आणून नवऱ्यासमोर ठेवला. थेंबही सांडला नाही.

"घे," ती म्हणाली. "गार होतोय."

गार कसला, चांगला कढत होता. कोणाकडे बघावं लागू नये म्हणून त्याने घाईने मोठा घोट घेतला. तिने घडवलेल्या दोन दातांना काही कळलं नाही. जीभ भाजली.